उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते आणि रक्तदाब कमी भरतो: कारण कोठे शोधावे?

माणदेशी:

नमस्कार. माझे वडील ६७ वर्षांचे असून प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यापासून सांगोला तालुक्यातील आमच्या गावी राहतात. मी नोकरीनिमित्त पुण्यात असतो. मार्चच्या अखेरीपासून त्यांना चक्कर येण्याचा त्रास सुरू झाला आहे. पहाटे लघवीसाठी उठल्यावर, शौचाहून उठताना आणि दुपारी जेवणानंतर ओसरीवर थोडे पडून उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते, भिंतीचा आधार घ्यावा लागतो आणि अर्ध्या-एक मिनिटात पुन्हा बरे वाटते. गेल्या आठवड्यात पहाटे ते न्हाणीच्या दारात पडले. सुदैवाने कोपर खरचटण्यापलीकडे इजा झाली नाही, परंतु आई फार धास्तावली आहे.

गावातील डॉक्टरांनी रक्तदाब मोजला तेव्हा तो ९८/६२ भरला आणि त्यांनी मीठ-साखरेचे पाणी घेण्यास सांगितले. नंतर तालुक्याच्या गावी मानेचा एक्स-रे काढला, त्यात मणक्यांत गॅप असल्याचे सांगून गळ्याला पट्टा दिला आणि चक्कर थांबावी म्हणून प्रोक्लोरपेराझिनच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी दिवसभर गुंगी राहते. चक्कर कमी झालेली नाही.

चालू औषधे अशी: उच्च रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम व हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ मिलिग्रॅम यांची एकत्र गोळी अनेक वर्षांपासून, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन तितकीच वर्षे, आणि यंदा फेब्रुवारीत त्यात डापाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅमची भर. प्रोस्टेट वाढल्यामुळे त्याच सुमारास रात्री झोपताना टॅमसुलोसिन सुरू झाले. वडील माळकरी असल्यामुळे शुद्ध शाकाहारी आहेत आणि एकादशीचे उपवास करतात.

ज्यांना वर्षानुवर्षे रक्तदाब वाढल्याचे औषध चालू आहे त्यांचाच रक्तदाब असा कमी कसा होऊ शकतो, यामागे हृदयाचा किंवा मेंदूचा आजार असू शकतो का, आणि त्यांना कोणत्या तज्ज्ञाकडे न्यावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

कृष्णाकाठ:

मी फिजिशियन म्हणून काम केले असून आता निवृत्त आहे. रुग्णाला न तपासता निदान करता येत नाही. मात्र आपण दिलेली माहिती एका दिशेकडे पुरेशी स्पष्टपणे बोट दाखवते.

प्रथम हे लक्षात घ्यावे की कमी रक्तदाब हा स्वतः आजार नसून ती एक नोंद आहे, आणि तिच्यामागचे कारण शोधणे हे खरे काम असते. आपल्या वडिलांचा त्रास प्रत्येक वेळी आडवे किंवा बसलेले असताना उभे राहिल्यावरच होतो. माणूस उभा राहिला की साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांकडे आणि पोटाच्या शिरांमध्ये उतरते. मानेतील कॅरोटिड धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत असलेले दाब ओळखणारे चेतातंतू हे काही क्षणांत हेरतात, हृदयाचे ठोके थोडे वाढवतात व रक्तवाहिन्या आवळतात, त्यामुळे मेंदूचा रक्तपुरवठा सुरळीत राहतो. शरीरात पाणी किंवा रक्तच कमी असेल, औषधांनी वाहिन्या आवळू दिल्या नाहीत, किंवा दीर्घकाळच्या मधुमेहाने अथवा पार्किन्सनसारख्या विकाराने हा संदेश वाहणारे चेतातंतूच दुबळे झाले, तर दाब घसरतो आणि अंधारी येते. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० एककांनी उतरला, तर त्यास उभे राहिल्याने होणारी रक्तदाबघट म्हणतात.

यासाठी ९८/६२ ही एकटी नोंद फारशी उपयोगाची नाही. घरी दंडाला बांधायचे डिजिटल यंत्र असेल तर वडिलांना पाच मिनिटे शांत आडवे झोपवून रक्तदाब आणि नाडी दोन्ही मोजावीत, मग त्यांना उभे करून एका मिनिटाने व तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजावीत. उभे असताना हात लोंबकळत ठेवू नये, छातीच्या उंचीवर टेबलाचा किंवा दुसऱ्याच्या हाताचा आधार द्यावा, नाही तर आकडा खोटा जास्त दिसतो. शेजारी कोणी तरी उभे असावे आणि अंधारी आली तर लगेच खाली बसवावे. पहाटे उठल्याबरोबरची नोंद सर्वांत बोलकी असते.

नाडीचा आकडा विसरू नये. दाब घसरताना नाडी चांगली वाढत असेल तर चेतातंतू शाबूत असून बहुधा पाणी कमी पडले आहे किंवा औषध जास्त झाले आहे, असे समजतात. दाब बराच घसरूनही नाडी जागची हलत नसेल, म्हणजे दाबाच्या प्रत्येक एककामागे अर्ध्या ठोक्यापेक्षाही कमी वाढ असेल, तर चेतातंतूंच्या विकाराचा संशय बळावतो. मेटोप्रोलॉलसारखी ठोके आवरणारी गोळी चालू असल्यास हे गणित लागू पडत नाही, परंतु ती आपल्या यादीत नाही.

मानेच्या मणक्यांविषयी थोडे स्पष्ट लिहितो. साठीपुढील बहुतेकांच्या एक्स-रेमध्ये मणक्यांची झीज दिसतेच, त्यांना चक्कर येत असो वा नसो. मान न हलवता केवळ उभे राहिल्याने येणाऱ्या अंधारीचे खापर मणक्यांवर फोडण्याचा जो प्रघात आपल्याकडे पडला आहे, त्यामुळे खरे कारण महिनोन्महिने मागे पडते. गळ्याच्या पट्ट्याने रक्तदाब वाढत नाही.

आणखी तीन प्रश्नांची उत्तरे हवी आहेत. वडील गुडघेदुखी वगैरेसाठी वेदनाशामक गोळ्या घेतात का आणि शौचास डांबरासारखे काळे होते का? दिवसभरात पाणी किती पितात? चालताना किंवा जिना चढताना छातीत दुखणे, धडधडणे किंवा शुद्ध हरपणे असे कधी झाले आहे का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल तर पुढील चर्चेची वाट न पाहता हृदयरोगतज्ज्ञांकडे जावे, कारण महाधमनीची झडप अरुंद होणे किंवा हृदयाच्या विद्युतसंदेशात अडथळा येणे ही कारणे घरगुती मोजमापांनी सापडत नाहीत.

खलबत्ता:

मी औषधनिर्माणशास्त्राचा पदवीधर असून औषधांच्या दुकानात बसतो. या यादीत रक्तदाब उतरवणारी एक गोळी आहे असे वरवर वाटते. प्रत्यक्षात तसे काम करणारी पाच औषधे आहेत.

टेल्मिसार्टन रक्तवाहिन्या सैल करते. हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे मीठ व पाणी काढते. डापाग्लिफ्लोझिन साखर लघवीवाटे बाहेर टाकते, आणि साखर स्वतःबरोबर पाणी ओढून नेते, म्हणून हे मधुमेहाचे औषध असले तरी त्याचा परिणाम सौम्य मूत्रल, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या, गोळीसारखाही होतो. टॅमसुलोसिन प्रोस्टेटचे स्नायू सैल करण्यासाठी असले तरी ते पेशींवरील ज्या ग्राहींवर, म्हणजे औषध पकडणाऱ्या जागांवर, काम करते त्या रक्तवाहिन्यांतही असतात. आणि चक्कर थांबावी म्हणून दिलेले प्रोक्लोरपेराझिन स्वतःच उभे राहिल्यावर रक्तदाब घसरवू शकते. कानाच्या तीव्र चक्करीत आणि उलट्यांत ते थोड्या दिवसांसाठी उपयोगी आहे, परंतु वयस्कर माणसाने ते महिनोन्महिने घेतल्यास हातपाय ताठरणे, कंप सुटणे अशी पार्किन्सनसारखी लक्षणेही दिसू लागतात. सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन या दुसऱ्या प्रचलित गोळ्यांबाबतही हीच काळजी घ्यावी लागते.

टॅमसुलोसिनच्या वेळेकडे विशेष लक्ष द्यावे. ही कॅप्सूल रोज एकाच जेवणानंतर सुमारे अर्ध्या तासाने घ्यावी असे कंपनीचे माहितीपत्रक सांगते, कारण रिकाम्या पोटी घेतल्यास ती रक्तात अधिक प्रमाणात आणि अधिक लवकर चढते. खेड्यात जेवण सातला होते आणि झोपण्याची गोळी म्हणून ती दहाला घेतली जाते. मग तिचा जोर नेमका रात्री दोन-तीनला असतो, आणि प्रोस्टेटचा रुग्ण नेमका त्याच वेळी लघवीला उठतो. काही दिवस खंड पडून कॅप्सूल पुन्हा सुरू केली, तर पहिले एक-दोन दिवस अधिक जपावे लागते.

एकादशीविषयीही डॉक्टरांशी बोलावे. उपवासाच्या दिवशी डापाग्लिफ्लोझिन घेतल्यास पाणी कमी होण्याबरोबर रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) वाढण्याचा धोका असतो, त्यामुळे त्या दिवशी ते थांबवायचे की नाही हे आधी ठरवून घ्यावे.

एक नाजूक गोष्ट. सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या घेणारे पुरुष ते मुलासमोर किंवा पत्नीसमोर कधीच सांगत नाहीत, आणि टॅमसुलोसिनबरोबर त्या रक्तदाब बराच उतरवतात. छातीदुखीसाठी नायट्रेट घेणाऱ्याला तर त्या जिवावर बेतू शकतात. आपल्या वडिलांबाबत तसे काही असेलच असे मी म्हणत नाही, परंतु डॉक्टरांना त्यांच्याशी दोन मिनिटे एकट्याने बोलू द्यावे. मात्र यांपैकी कोणतेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये.

तगर:

मी कान-नाक-घसा विभागात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. या रुग्णाचा त्रास कानाचा वाटत नाही, परंतु असाच प्रश्न घेऊन येणाऱ्या इतरांसाठी लिहिते. अंथरुणात कुशीवर वळताना, वर फडताळाकडे पाहताना किंवा खाली वाकताना घर गरगर फिरल्यासारखे वाटत असेल, ते एका मिनिटाच्या आत थांबत असेल आणि त्या वेळी रक्तदाब ठीक भरत असेल, तर आंतरकर्णातील कॅल्शियमचे सूक्ष्म कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरलेले असण्याची शक्यता मोठी असते. डिक्स-हॉलपाइक चाचणीत डोळ्यांची ठरावीक हालचाल दिसली की निदान होते आणि एप्ली पद्धतीने डोके क्रमाने फिरवून ते कण पुन्हा जागेवर आणता येतात. गोळ्यांनी कण जागेवर जात नाहीत.

चक्करीबरोबर बोलणे अडखळणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, दोन-दोन दिसणे, किंवा आधाराशिवाय उभेच राहता न येणे यांपैकी काहीही अचानक सुरू झाले, तर तो मेंदूतील रक्तपुरवठ्याचा प्रश्न असू शकतो. अशा वेळी १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.

रानजाई:

माझ्या नणंदेचा अनुभव येथे मांडणे मला आवश्यक वाटते, कारण तिचाही रक्तदाब कमी भरायचा आणि तिला कोणतेच औषध चालू नव्हते. वय ४१. काही महिन्यांत तिचे वजन उतरत गेले, जेवणावरची वासना गेली, परंतु लोणच्याचा खार आणि मीठ लावलेली कैरी ती हावरटासारखी खायची. रंग काळवंडत होता. सर्वांनी त्याचे कारण ऊन मानले, वास्तविक तळहाताच्या रेषा, जुन्या जखमांचे वण आणि हिरड्या काळ्या पडल्या होत्या, आणि तिथे ऊन पोहोचत नाही. अशक्तपणा म्हणून तिला वारंवार सलाइन लावले जाई. तेवढ्यापुरते तिला बरेही वाटे, त्यामुळे कोणाला संशय आला नाही.

शेवटी ताप आणि उलट्या होऊन ती बेशुद्धावस्थेत रुग्णालयात दाखल झाली. रक्तातील सोडियम फार कमी, पोटॅशियम वाढलेले आणि सकाळचे कॉर्टिसोल जवळजवळ नव्हतेच. हे संप्रेरक तयार करणाऱ्या मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी निकामी झाल्या होत्या, आणि त्याचे कारण क्षयरोग निघाले. तिला कॉलेजात असताना फुप्फुसाचा क्षय होऊन बरा झाला होता, ही गोष्ट तोवर कोणी विचारलीच नव्हती. आता ती त्या ग्रंथींच्या संप्रेरकांची जागा घेणाऱ्या हायड्रोकॉर्टिसोन व फ्लुड्रोकॉर्टिसोन या गोळ्या घेते, ताप आल्यास ठरवून दिल्याप्रमाणे मात्रा वाढवते आणि आजाराचे नाव लिहिलेले कार्ड पर्समध्ये बाळगते. ती आता शाळेत पूर्ण वेळ शिकवते.

डॉक्टरसाहेब, हा आजार किती दुर्मीळ आहे आणि तो कधी मनात आणावा, हे आपण सांगावे.

कृष्णाकाठ:

रानजाई, आपण ही माहिती दिलीत हे चांगले केले. थॉमस अॅडिसन यांनी १८५५ मध्ये वर्णन केलेला हा आजार विरळा आहे. पाश्चात्त्य देशांत आता त्याचे कारण बहुधा स्वप्रतिकारशक्तीचा बिघाड हे असते, आपल्याकडे मात्र क्षयरोग आजही विसरता येत नाही. कमी रक्तदाबासोबत वजन घटणे, मिठाची ओढ, उलट्या आणि त्वचा काळी पडणे यांची सांगड दिसली की सकाळी आठच्या सुमाराचे कॉर्टिसोल व सोडियम-पोटॅशियम तपासावे.

याच ग्रंथी दुसऱ्या मार्गाने मंदावलेले रुग्ण मला अधिक भेटले. सांधेदुखीवरची किंवा दम्याची एखादी नाव नसलेली पुडी वर्ष-दोन वर्षे घ्यायची, तिने जादूसारखा आराम पडायचा, कारण तिच्यात स्टिरॉइड मिसळलेले असायचे. बाहेरून मिळणाऱ्या स्टिरॉइडमुळे ग्रंथी स्वतःचे काम थांबवते, आणि पुडी एकाएकी बंद केली की रक्तदाब कोसळतो. म्हणून रुग्णाने घरातील सगळी औषधे, पुड्या आणि काढे यांसह पिशवीतून आणावीत असा माझा आग्रह असे. स्त्रियांच्या बाबतीत बाळंतपणी फार रक्तस्राव झाला होता का, त्यानंतर दूध आले होते का आणि पाळी सुरू झाली होती का, हेही मी विचारत असे. शीहान यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारात त्या रक्तस्रावाने मेंदूतळाची पीयूषिका ग्रंथी निकामी होते आणि थकवा व कमी रक्तदाब घेऊन ती स्त्री कधी कधी पंधरा-वीस वर्षे दवाखाने पालथे घालत राहते.

माणदेशी:

सर्वांचे आभार. रविवारी गावी जाऊन पहाटे मोजमाप घेतले. आडवे असताना १३८/८२, नाडी ७२. उभे राहिल्यावर एका मिनिटाने ११२/७०, नाडी ८८. तिसऱ्या मिनिटाला १०८/६८, नाडी ९०, आणि त्याच वेळी त्यांना अंधारी आली. छातीत दुखणे किंवा धडधड नाही. गुडघ्यांसाठी अधूनमधून डायक्लोफिनॅक घेतात, शौचाचा रंग नेहमीसारखा आहे. पाण्याविषयी विचारले तेव्हा कळले की रात्री उठावे लागू नये म्हणून ते दुपारी चारनंतर पाणी जवळजवळ पीतच नाहीत, आणि सध्या आमच्याकडे पारा ४१-४२ अंशांवर आहे. सकाळी दोन तास डाळिंबाच्या बागेत असतात ते वेगळेच.

आडवे असताना १३८ भरत असेल तर त्यांचा रक्तदाब कमी म्हणायचा की जास्त? आणि माझ्या पत्नीचा रक्तदाब नेहमीच ९४/६० च्या आसपास असतो, तिलाही तपासणी हवी का?

कृष्णाकाठ:

आपण मोजमाप नीट घेतले आहे. वरचा आकडा ३० ने उतरला आणि नाडी १८ ने वाढली, म्हणजे चेतातंतू काम करीत आहेत. उन्हाळा, तोडलेले पाणी, दोन मूत्रल परिणामांची औषधे आणि रात्रीचे टॅमसुलोसिन यांचा हा एकत्रित परिणाम असण्याची शक्यता सर्वांत अधिक दिसते. फेब्रुवारीत औषधे वाढली आणि मार्चमध्ये ऊन चढताच त्रास सुरू झाला, हा क्रमही त्याच्याशी जुळतो.

१३८ हा आकडा मुद्दाम लक्षात ठेवावा, कारण रक्तदाब कमी आहे म्हणून सगळी औषधे बंद केली तर तो काही आठवड्यांत १६० च्या पुढे जाऊ शकतो. त्यांचा रक्तदाब मुळात जास्तच आहे. उभे राहिल्यावर तो सांभाळला जात नाही, एवढेच. या नोंदी आणि औषधांची पिशवी घेऊन एखाद्या एमडी फिजिशियनकडे जावे. मी तेथे असतो तर प्रोक्लोरपेराझिन थांबवले असते, हायड्रोक्लोरोथायझाइड वगळून नुसते टेल्मिसार्टन ठेवले असते आणि डापाग्लिफ्लोझिनची खरी गरज किती आहे हे पाहिले असते, कारण हृदय किंवा मूत्रपिंड दुबळे असेल तर ते औषध सहज सोडण्यासारखे नसते. टॅमसुलोसिनऐवजी रक्तदाबावर कमी परिणाम करणारा पर्याय आहे का, हे मूत्ररोगतज्ज्ञांना विचारता येईल. सोबत हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, थायरॉइड, ईसीजी आणि ब जीवनसत्त्वातील बी-१२ या तपासण्या कराव्यात. शाकाहार आणि अनेक वर्षांचे मेटफॉर्मिन यांमुळे बी-१२ कमी असण्याची दाट शक्यता आहे, आणि त्या कमतरतेनेही हा त्रास वाढतो. डायक्लोफिनॅक बंदच करावे. पाणी कमी असताना, टेल्मिसार्टन आणि मूत्रल औषध यांच्या जोडीला हे वेदनाशामक आले की मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

तोवर पाण्याचा मोठा वाटा सकाळी आणि दुपारी घ्यावा. बागेत जाण्यापूर्वी दोन तांबे पोटात असावेत. रात्री उठताना आधी काठावर बसून पोटऱ्या हलवाव्यात व मगच उभे राहावे. लघवी बसून करावी, किंवा उशाशी भांडे ठेवावे. उकिडव्या बैठकीतून उठताना रक्तदाब एकदम घसरतो, त्यामुळे शौचालयात भिंतीला धरायला दांडी बसवून घ्यावी, किंवा कमोडची खुर्ची ठेवावी. मीठ-साखरेचे पाणी मधुमेह व उच्च रक्तदाब असलेल्या माणसाने रोजचा उपचार म्हणून पिऊ नये. जुलाब किंवा उलट्या झाल्यास ओआरएस घेणे वेगळे.

आपल्या पत्नीला थकवा, अंधारी असे काही होत नसेल आणि ९४/६० हा तिचा नेहमीचाच आकडा असेल तर औषधाची आवश्यकता नाही. सडपातळ तरुण स्त्रियांत तो पूर्णपणे निरोगी असू शकतो. पाळीत रक्तस्राव फार होत असेल तर हिमोग्लोबिन मात्र पाहावे. पाळी चुकून पोटात दुखू लागले व चक्कर आली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण गर्भनलिकेतील गर्भधारणेत आत रक्तस्राव होत असतो आणि तो बाहेरून दिसत नाही.

औषधे बदलल्यावर पंधरा दिवसांनी वडिलांचे आडवे-उभे मोजमाप पुन्हा घ्यावे. त्यानंतर पाऊस सुरू झाल्यावर एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा घ्यावे, कारण थंडीत रक्तदाब वाढतो आणि आता कमी केलेली गोळी तेव्हा पुन्हा द्यावी लागण्याची शक्यता आहे.